सोलापूर कुणाचं? एका शहराचा कल आणि बाईचं मत



निवडणूक जवळ आली की पारावर, एसटीत, गिरणीत दळण घेऊन थांबलेल्या बायकांतही एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ते शहर ना, ते अमक्या पक्षाचंच आहे." जणू शहराच्या कपाळावर पक्ष गोंदवूनच ठेवलाय. हे कितपत खरं असतं, ते आज एका शहराच्या इतिहासातून बघू या. शहर आहे सोलापूर. फार मोठं नाही, फार लहानही नाही. २०११च्या जनगणनेत वस्ती साडेनऊ लाख. चादरीचं, टॉवेलचं, विडीचं आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचं गाव. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, चारही बोल्या इथं एकाच बाजारात कानावर पडतात.

आपण दोन प्रश्न विचारू. सोलापूरनं मत कुणाला दिलं? आणि किती जणांनी दिलं? पहिल्या प्रश्नावर सगळे तावातावानं बोलतात. दुसरा कुणी फारसा विचारत नाही. पण आपल्यासारख्या बायकांचा संबंध दुसऱ्याशी जास्त आहे.

आधी जुना काळ. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. १८७७च्या सुमारास इथं कापडाची गिरणी सुरू झाली, तिला पुढं लोक जुनी मिल म्हणू लागले. मग आणखी गिरण्या आल्या. दुष्काळानं गाव सोडलेली माणसं, तेलंगणातून आलेले विणकर, कर्नाटकाच्या सीमेवरचे शेतमजूर, सगळे इथं आले. भोंग्यावर उठणारं शहर तयार झालं.

हे शहर गप्प बसणारं नव्हतं. १९३० साली, ६ एप्रिलला, सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा फडकला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण त्यात गेला. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांची सत्ता राहिलीच नव्हती. मग १२ मेला मार्शल लॉ लागला, म्हणजे शहर लष्कराच्या ताब्यात दिलं गेलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. चार घरांतली चार माणसं, एकाच दिवशी फासावर गेली.

आता गंमत बघा. ज्या शहरानं इंग्रजाला तीन दिवस बाहेर ठेवलं, त्या शहरातल्या बहुतेक कामगारांना तेव्हा मताचा हक्क नव्हता. मत होतं ते घर-जमीन असणाऱ्याला, कर भरणाऱ्याला. मुंबई प्रांतात १९२१ साली बायकांना कायदेमंडळासाठी मत मिळालं, पण अट तीच. जिच्या नावावर मालमत्ता, तिला मत. बाईच्या नावावर मालमत्ता किती असते ते आपल्याला कुणी सांगायला नको. १९३५च्या कायद्यानं दार थोडं आणखी उघडलं, मतदाराची बायको आणि शिकलेली बाई आत आली. गिरणीत कांड्या भरणारी आणि घरात विड्या वळणारी बाई बाहेरच राहिली.

ती आत आली स्वातंत्र्यानंतर. १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. शिक्षण विचारायचं नाही, जमीन विचारायची नाही, जात विचारायची नाही.

पण यादी करायला माणसं दारोदार गेली तेव्हा एक अडचण पुढं आली. उत्तरेकडच्या काही राज्यांत बायका आपलं नाव सांगेनात. "अमक्याची बायको", "तमक्याची आई", एवढंच सांगायच्या. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की बाईला स्वतःचं नाव असलंच पाहिजे. देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख बायकांची नावं या कारणानं यादीतून काढावी लागली. ही अडचण मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य भारताच्या भागात होती, आपल्याकडची नव्हती. तरी ती लक्षात ठेवू या. मताचा पहिला उंबरठा मतदान केंद्राचा नसतो. तो यादीतल्या नावाचा असतो.

त्या पहिल्या निवडणुकीत सोलापूरनं काय केलं? देशभर काँग्रेसचा जोर होता. सोलापूर तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एका जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले. दुसऱ्या, राखीव जागेवर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज आले. म्हणजे नेहरूंच्या काळात, पहिल्याच झटक्यात, सोलापूरनं दोन्ही खासदार काँग्रेसबाहेरचे पाठवले.

मग वारं फिरलं. १९६२ साली मडेप्पा काडादी, त्यानंतर सुरजरतन दमाणी, गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल. १९६२ ते १९९१, प्रत्येक लोकसभेला काँग्रेस. १९७७ साली आणीबाणीनंतर दिल्लीतली सत्ता गेली, तरी सोलापूर काँग्रेसकडेच राहिलं. तेव्हा कुणी म्हटलं असतं, "सोलापूर काँग्रेसचंच," तर कोण वाद घालणार?

पण त्याच काळात, त्याच शहरातल्या एका भागानं वेगळंच मत दिलं. १९७८ साली सोलापूर शहर दक्षिण मतदारसंघातून विधानसभेत गेले नरसय्या आडम, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. लोक त्यांना आडम मास्तर म्हणतात. ते १९९५ साली पुन्हा निवडून आले आणि २००४ साली पुन्हा. १९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं, आणि सोलापूरच्या त्या वस्त्यांनी लाल बावट्याचा आमदार दिला. शहर एक, पण पेठेगणिक मत निराळं.

मग लोकसभेलाही पालट आला. १९९६ साली भाजपचे लिंगराज वल्याळ निवडून आले. १९९८ आणि १९९९ला काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे. २००३ साली शिंदे मुख्यमंत्री झाले, जागा रिकामी झाली. घरचाच माणूस मुख्यमंत्री, आता पोटनिवडणूक सोपी, असं वाटावं. ती जिंकली भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटील यांनी. २००४ला भाजपचेच सुभाष देशमुख. २००९ला मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि शिंदे परत आले. २०१४ला भाजपचे शरद बनसोडे यांनी केंद्रात गृहमंत्री असलेल्या शिंदेंना हरवलं. २०१९ला भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी. २०२४ला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे, ७४ हजार १९७ मतांनी. पहिल्या निवडणुकीपासूनची यादी बघितली तर सोलापूरची खासदार म्हणून निवडून आलेली ही पहिली बाई. आणि तिथून सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४मध्ये, विधानसभेला शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर या तिन्ही जागा भाजपला.

मग सांगा, सोलापूर कुणाचं? कुणाचंच नाही. तीस वर्षांपूर्वीचं उत्तर आज चालत नाही. मे महिन्यातलं उत्तर नोव्हेंबरात चालत नाही.

हे का बदललं? एकच एक कारण सांगणाऱ्याचं लगेच खरं मानू नका. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर घडली. गिरण्या बंद पडल्या. जुनी मिल साठच्या दशकातच बंद पडली होती. बाकीच्या मोठ्या गिरण्यांना नव्वदच्या दशकात आणि त्याच्या आगेमागे टाळं लागलं. गिरणीत हजारो माणसं एका फाटकातून आत जायची, एका युनियनमध्ये असायची. गिरणी गेली आणि कामगार यंत्रमागाच्या शेडमध्ये, रिक्षावर, बांधकामावर, पुण्याच्या कंपनीत विखुरला. फाटकावर ठरणारं मत आता जातीत, गल्लीत, मंडळात आणि मोबाईलवर ठरू लागलं. माणसं एकत्र येण्याची जागा बदलली की मताची वाटही बदलते.

शिवाय सोलापूर लोकसभा म्हणजे नुसतं शहर नाही. त्यात अक्कलकोट आहे, मोहोळ आहे, दक्षिण सोलापूर आहे, पंढरपूर-मंगळवेढा आहे. २०२४ला शहर उत्तरचा कल भाजपकडे होता, आणि काँग्रेसला मोठी आघाडी दिली मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या गावांनी. शहराच्या नावानं ओळखला जाणारा निकाल खेड्यांनी फिरवला. म्हणून "शहराचं राजकारण, आपलं काय त्यात" असं म्हणू नका.

आता दुसरा प्रश्न. किती जणांनी मत दिलं?

२००९ साली सोलापूर लोकसभेला शंभरातले सत्तेचाळीसच्या आसपास मतदार केंद्रावर गेले. निम्मेसुद्धा नाहीत. २०१४ला छप्पन्नच्या आसपास, २०१९ला अठ्ठावन्न-एकोणसाठ, २०२४ला एकोणसाठ. वाढ आहे. पण २०२४ला देशाची सरासरी सहासष्टच्या जवळ होती. खेड्यांत ग्रामपंचायतीला ऐंशी टक्क्यांच्या पुढं मतदान होणं आपल्याला नवं नाही. मग इथं काय होतं?

पहिलं कारण आभाळातलं. २०२४ला इथं मतदान होतं ७ मे रोजी. सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या पुढं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुसरं कारण पोटाचं. कायद्यानं मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवरच्यालाही आहे. पण घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला पैसे मिळतात हजार विड्यांवर. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा, आणि दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात नेऊन द्यायचा. त्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. तिची सुट्टी कोण भरून देणार? ती दोन तास रांगेत उभी राहिली तर तेवढ्या विड्या कमी. ती मताची किंमत खिशातून मोजते.

तिसरं कारण यादीचं, आणि हे नीट समजून घ्या. समजा एका केंद्राच्या यादीत १००० नावं आहेत. त्यातली ५० माणसं वारली, नावं तशीच. १५० पोरं-पोरी पुण्याला गेल्या, नावं इथंच. गावात खरोखर आहेत ८००. त्यातल्या ५९० जणांनी मत दिलं. कागदावर मतदान ५९ टक्के. पण हजर माणसांत बघितलं तर शंभरातल्या चौऱ्याहत्तर जणांनी मत दिलं. म्हणजे टक्का कमी दिसला म्हणून लोक आळशी, असं लगेच म्हणता येत नाही.

आता उलटं बघा. त्याच गल्लीत १०० बायका राहतात, पण त्यांचं नाव यादीत नाही. कुणी लग्न करून आली आणि नाव माहेरीच राहिलं. कुणी भाड्याची खोली बदलली. कुणाचं तेलुगू नाव मराठीत लिहिताना चुकलं. या शंभर बायका त्या ५९ टक्क्यांत नाहीत आणि मत न दिलेल्या ४१ टक्क्यांतही नाहीत. त्या मोजल्याच जात नाहीत. १९५२ साली नाव सांगितलं नाही म्हणून बाई यादीबाहेर गेली. आज घर बदललं म्हणून जाते. टक्केवारीच्या बातम्यांत ही बाई कधीच येत नाही.

तरी एक मोठा पालट झाला आहे, तो सांगितलाच पाहिजे. १९६२ साली देशात शंभर पुरुष मतदारांतले त्रेसष्ट जण मत द्यायचे आणि शंभर बायकांतल्या सेहेचाळीस-सत्तेचाळीसच. सतरा टक्क्यांचं अंतर. २०१९ला ते अंतर मिटलं, बायका केसभर पुढं गेल्या. २०२४लाही तसंच झालं. हे कुणी ताटात वाढून दिलं नाही. गावोगावच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, म्हणून झालं.

आता सोलापूरच्या विडी कामगार बायकांकडं पुन्हा येऊ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मोठा धडा त्यांच्याकडेच आहे. आठ बाय दहाच्या खोलीत तंबाखूचा खकाणा, तिथंच पोरं, तिथंच चूल. त्यांना पक्कं घर हवं होतं. त्यांनी युनियन धरून मागणी लावली. मोर्चे काढले, आपला वाटा भरला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शहराजवळ कुंभारी इथं त्यांच्यासाठी दहा हजारांवर घरांची वसाहत उभी राहिली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं, वारली आदिवासींच्या लढ्यातल्या त्या गोदावरी परुळेकर. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं बायकांना मिळाली. नंतर असंघटित कामगारांच्या तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली.

इथं थांबून विचार करा. या मागणीच्या पुढं असलेले आडम मास्तर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ला विधानसभेला हरले. त्यांच्या पक्षाचं सरकार राज्यात कधीच नव्हतं. एक वसाहत मिळाली काँग्रेसच्या पंतप्रधानांच्या काळात, दुसरी भाजपच्या. शहराचा कल चार वेळा फिरला, दिल्लीत सरकार बदललं, पण मागणी तीच राहिली आणि घरं झाली. कारण मागणाऱ्या बायका एकत्र होत्या, त्यांची नावं यादीत होती, आणि कोणत्याही पक्षाला त्यांच्याकडं पाठ फिरवणं परवडणारं नव्हतं. उमेदवार हरला म्हणून मत वाया गेलं, असं आपण म्हणतो. त्या बायकांना विचारा, वाया गेलं का?

दुसऱ्या बाजूचंही एक उदाहरण देते. मत असतं पण निवडणूकच होत नाही, तेव्हा काय होतं? २०१७ साली सोलापूर महापालिकेत १०२ जागा होत्या, निम्म्या बायकांसाठी राखीव. भाजपला सर्वांत जास्त, ४९ जागा मिळाल्या. शोभा बनशेट्टी आणि त्यानंतर श्रीकांचना यन्नम अशा लागोपाठ दोन महिला महापौर झाल्या. २०२२च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि वेळेवर निवडणूक झाली नाही. पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार होता. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. उजनी धरण भरलं तरी तेच रडगाणं. एरवी बाई घागर घेऊन नगरसेवकाच्या दारात जाते, दोन शब्द सुनावते. या काळात तिनं कुणाच्या दारात जायचं? निम्म्या जागा बायकांच्या, हे कागदावर होतं. पण सभागृहच रिकामं होतं.

मैत्रिणींनो, इतिहास ऐकून घरी जायचं आणि चहा ठेवायचा, एवढ्यानं भागणार नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि चार कामं करा.

एक, मतदार यादी मागवा आणि गटातल्या प्रत्येकीचं नाव वाचा. ओळखपत्र हातात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं समजू नका. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन, नवीन नावासाठी नमुना ६ भरायचा. पत्ता बदलला, नावात चूक असली, लग्न होऊन आली, तर नमुना ८. वारलेल्या माणसाचं नाव काढायचं तर नमुना ७. हे अर्ज गावच्या बीएलओकडं मिळतात, मोबाईलवरूनही भरता येतात. काही कळलं नाही तर १९५० या नंबरवर फोन करा. पोरगी अठरा वर्षांची झाली की तिचं नाव घाला. आता त्यासाठी वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

तीन, ऊन चढायच्या आत मत द्या. सकाळी सातला केंद्र उघडतं. पाच-पाच जणी मिळून जा. एकीनं पोरं सांभाळायची, मग अदलाबदल करायची.

चार, मत कुणाला द्यायचं हे घरात कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, आणि यंत्रापुढं उभं राहिल्यावर आपल्या मनानं बटण दाबा. केंद्रावर एकूण किती मतं कुणाला पडली हे नंतर कळतं. पण तुमचं बोट कोणत्या बटणावर गेलं हे कुणालाही कळत नाही, नवऱ्याला नाही आणि सरपंचालाही नाही.

सोलापूर काँग्रेसचं होतं, भाजपचं झालं, मधेच लाल बावट्याचं होतं, उद्या आणखी कुणाचं होईल. ते होत राहू दे. आपण आपल्या गावाबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या गल्लीतल्या किती बायकांचं नाव यादीत आहे? आणि मत देऊन झाल्यावर पुढची पाच वर्षं मागणी लावून धरायला त्यातल्या कितीजणी एकत्र बसणार आहेत?

पुढच्या बैठकीत हे मोजा. आकडा काय आला ते आम्हाला कळवा.